पिशवी काढली का?

"चपला काढा," पाट म्हणाला.

अयोध्या तिडकेने चपला काढून बाजूला सारल्या आणि ती पाटावर उभी राहिली.

"पिशवी काढली का?"

"काढली की रे बाबा. चौदा वरसं झाली. किती येळा इचारशील?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या. हा रोजचा खेळ होता. पाटाला मात्र हसू-बिसू काही येत नसे. "धन्यवाद," तो म्हणाला. अयोध्याच्या टाचांना बारीक झिणझिणी आली आणि फाटकावरचा हिरवा दिवा लागला. "आपली हाडे आपल्या गटाच्या प्रमाणानुसार योग्य आहेत. आजच्या कामासाठी शुभेच्छा."

ही सोमवारची सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. साडेसातला अयोध्याच्या खुब्याचं हाड मोडलं.

ती कुठून पडली नव्हती. पाण्याचा लांब दांड्याचा ब्रश हातात घेऊन ती पाइप ओलांडत होती. डावा पाय टेकला, अंग वळवलं, एवढंच. कंपनीच्या नोंदीत 'पाय घसरून पडल्यामुळे अस्थिभंग' असं लिहिलं गेलं. शेजारच्या ओळीत काम करणारी केशरबाई आघाव मात्र विचारील त्याला सांगत होती, "पडल्यामुळं मोडलं न्हाई. आधी मोडलं, मंग पडली. ऊस मोडल्यावानी आवाज आला. तो आवाज मला कुनी शिकवू नये."

केशरबाईला तो आवाज कुणी शिकवण्याची गरज खरंच नव्हती. बालाघाटच्या डोंगरातल्या या कोळवाडीत चाळिशीच्या आसपासची प्रत्येक बाई कधी ना कधी अर्धा कोयता होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तेव्हाची मोजणी. मग ऊस तोडायला यंत्रं आली, आणि दिवाळी झाली की गाडीत बिऱ्हाड भरून कारखान्याकडे जाणारी गावं घरी राहायला लागली. कोळवाडीच्या उजाड माळावर सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या. प्लेटांवर धूळ बसते, धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून धूळ धुवायला बायका लागतात. साफसफाई करायला यंत्रं नव्हती असं नाही, पण या बायका यंत्रापेक्षा मुकाट्याने काम करीत.

आणि पाट? अंगमेहनतीच्या जागी पन्नासहून जास्त बायका असतील तर फाटकावर अस्थिपाट बसवलाच पाहिजे, असा कायदा झाल्याला दोन वर्षं झाली होती. जेवायला बसायचा पाट असतो तेवढाच, पण धातूचा. त्यावर अनवाणी उभं राहायचं. पाट टाचेतून एक बारीक ठोका वर सोडतो. तो ठोका पायाच्या हाडांतून खुब्यापर्यंत जातो आणि परत येतो. मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो, तसंच हे. भरीव हाडातून ठोका झटकन परततो, विरळ झालेल्या हाडातून रेंगाळत येतो. त्यावरून पाट शंभरपैकी एक आकडा काढतो. आकडा धोक्याच्या पातळीखाली गेला की लाल दिवा लागतो, त्या बाईला हलकं काम मिळतं आणि दर महिन्याला सरकारी खर्चाने बांधणीची सुई मिळते. ही सुई हाडात नवी भर घालते. हाड मोडायच्या आत ते वाचवायचं, असा हेतू. कायदा चांगलाच होता. आपल्याकडे कायदे कधी वाईट नसतात.

कोळवाडीच्या फाटकावर दोन वर्षांत एकदाही लाल दिवा लागला नव्हता.

मंगळवारी पुण्याहून शर्वरी बोधनकर आली. अस्थिमापन मंडळात ती भाषा-अभियंता होती. म्हणजे पाट जे काही बोलतो ते वाक्य न् वाक्य तिने लिहिलेलं, आणि बायका जे उत्तर देतात त्यातलं पाटाने काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हेही तिनेच ठरवलेलं. वय पन्नास. तंत्रज्ञ दुसऱ्या एका फाटकावर अडकले होते, म्हणून संचालक आडारकरांनी तिलाच पिटाळलं होतं. पाट बिघडलाय का तेवढं बघून या, म्हणाले.

पाट बिघडलेला नव्हता. तिने सोबत आणलेली तीन कृत्रिम हाडं त्याने बिनचूक ओळखली. मग तिने सोमवारची नोंद उघडली. अयोध्या तिडके, वय अडतीस, अस्थिअंक एक्कावन्न, दिवा हिरवा.

शर्वरीने आकडा दोनदा वाचला. एक्कावन्न म्हणजे सत्तरीच्या म्हातारीचं हाड.

शेवटची खात्री करावी म्हणून तिने बूट काढले, स्वतःचं ओळखपत्र लावलं आणि ती पाटावर उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी गेली होती. पाळी जाताना हाडांचं काय होतं हे ती तोंडपाठ सांगू शकली असती. हाड काही दगड नसतं. शरीर ते रोज थोडं खरवडतं आणि रोज थोडं भरतं. खरवडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवरून धरतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं, खरवडणाऱ्यांना रान मोकळं मिळतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाड भराभर विरळ होतं. शर्वरीला तेव्हापासून बांधणीची सुई चालू होती.

"अस्थिअंक अठ्ठावन्न," पाट म्हणाला आणि फाटकावर लाल दिवा लागला. "आपली हाडे धोक्याच्या पातळीखाली आहेत. कृपया जड वस्तू उचलू नका. उपचार चालू ठेवा."

त्या फाटकावरचा पहिला लाल दिवा बघायला बायका गोळा झाल्या. केशरबाई पुढे आली. ती त्रेचाळीस वर्षांची होती, पण पाठीतून जराशी वाकल्यामुळे जास्त दिसायची.

"मॅडम, तुमचं अठ्ठावन्न आन् आमच्या अयोध्याचं एक्कावन्न. मंग लाल दिवा तुमाला कसा?"

"माझा गट वेगळा आहे," शर्वरी म्हणाली. "मी गट एक, शहरी. तुम्ही गट चार, डोंगरपट्टा. प्रत्येक गटाची धोक्याची पातळी वेगळी असते."

"हाडाला गट कळतो व्हय?"

शर्वरीला मंडळाच्या गटप्रमाणाच्या अहवालातलं वाक्य आठवलं: 'डोंगरपट्ट्यातील श्रमिक स्त्रियांची हाडे मुळातच हलकी असून त्यांचे शरीर त्याला सरावलेले आहे.' हे वाक्य आडारकरांचं. पहिले सहा महिने दिवे चालू न करता नुसती मापं घेतली होती; त्यात या भागातल्या हजारो तरुण बायकांचे आकडे खालचे आले, तेव्हा मंडळात कुणी विचारलं नाही की असं का. सगळ्यांचेच कमी येतायत ना, मग तेच यांचं प्रमाण, असं ठरलं आणि पातळी सत्तरवरून पन्नासवर आणली गेली. गावातल्या सगळ्यांनाच ताप असेल तर तो ताप नव्हे, असं म्हणण्यासारखंच ते होतं. अहवालाखाली सहा सह्या होत्या, आणि चौथी शर्वरीची होती. तिने तेव्हा फक्त शुद्धलेखन तपासलं होतं.

दुपारी ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. अयोध्या खाटेवर पडून होती, पायाला वजन बांधलेलं. तिची धाकटी जाऊ शिवकन्या दुधात भाकरी कुस्करून तिला भरवत होती. शिवकन्या सत्तावीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वीच प्लेटांच्या कामावर लागलेली.

शर्वरीने स्वतःची ओळख करून दिली. पाट मंडळाचा आहे आणि तो जे बोलतो ते मी लिहिते, हेही सांगितलं.

"तुमी व्हय त्या?" अयोध्याने तिला नीट बघून घेतलं. "बोलनं लई गोड हाय तुमच्या पाटाचं."

"अयोध्याताई, तुमचं हाड इतकं विरळ कशानं झालं, ते मला शोधायचंय. काही आजार होता का? एखादं ऑपरेशन? तुम्ही कधी कुणाला काही सांगितलं होतं का?"

"कुनाला म्हंजे? तुमच्या पाटाला रोज सांगते की."

"काय सांगता?"

"पिशवी काढलीया म्हून. रोज इचारतो, रोज सांगते."

शर्वरीने सवयीच्या हाताने वहीत लिहायला सुरुवात केली आणि 'पिशवी' या शब्दापाशी तिचं पेन थांबलं.

तिला तो अर्थ माहीत नव्हता असं नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्या बाईला तो माहीत नसतो? तिच्या सख्ख्या मावशीची पिशवी काढली होती. घरात सगळ्या याच शब्दांत बोलत, गर्भाशय हा शब्द फक्त डॉक्टरांच्या कागदावर असे. पण पाटाची वाक्यं लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे खांदा होता. खांद्याला अडकवलेल्या सामानामुळे माप चुकतं, म्हणून पाटावर चढण्याआधी ते उतरवून घ्यायचं. मंडळातल्या कुणीतरी 'बॅग' सुचवलं होतं. शर्वरीने ते खोडून 'पिशवी' केलं. बायकांना समजेल अशी साधी मराठी हवी, असं तिने भर बैठकीत सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आणि कोळवाडीच्या फाटकाआधी भिंतीला खुंट्या होत्या. सकाळी तिने त्या बघितल्या होत्या. प्रत्येक बाई येते, डब्याची पिशवी खुंटीला लावते आणि मग रांगेत उभी राहते. पाटावर चढताना कुणाच्याही खांद्याला पिशवी नसतेच. मग पाट कोणत्या पिशवीबद्दल विचारतोय, याचं त्यांच्या मनात एकच उत्तर होतं.

"कितव्या वर्षी काढली?" शर्वरीने विचारलं.

"चोवीसाव्या. दुसरं लेकरू दोन वरसाचं व्हतं. पाळीत पोटात दुखायचं, दिवस बुडायचा, मुकादम बोलायचा. कोयता घ्यायचा तर पिशवी काढून ये म्हनला. डाक्टर म्हनला काढून टाक, कॅन्सर व्हतो. पिशवी काढली, संगं त्या दोन गाठी बी काढल्या. तवाधरनं अंगात आग आग व्हती. पाठ दुखती. म्हातारीवानी झालं समदं."

त्या दोन गाठी म्हणजे बीजकोश. इस्ट्रोजेन तयार होतं ते तिथेच. शर्वरीची पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हळूहळू गेली, लगेच सुई सुरू झाली. अयोध्याची पाळी चोविसाव्या वर्षी एका दुपारी सुरीने संपली आणि त्यानंतर चौदा वर्षं तिने मोळ्या आणि पाण्याचे ब्रश उचलले. यात मुळातच हलकं काय होतं? ही हाडं जन्मतः हलकी नव्हती, कुणीतरी ती हलकी करून ठेवली होती.

"पाळी बंद झाली का, असं पाटाने कधी विचारलं नाही?" शर्वरीने विचारलं, आणि तोंडातून शब्द गेल्याबरोबर तिला उत्तर आठवलं. तो प्रश्न पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांनाच होता. त्याखालच्यांच्या रकान्यात 'लागू नाही' असं आपोआप भरलं जाई. पंचेचाळीसच्या आत पाळी कशी जाईल, असा शहाणा विचार करून तिनेच तसं ठेवलं होतं.

"न्हाई बा," अयोध्या म्हणाली. "पिशवीचंच इचारतो. आमाला वाटलं, ह्याला समदं ठावं हाय. हाडं ऐकतो म्हंल्यावर तेवढं तर कळत आसंल."

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली शिवकन्या भांडं खाली ठेवत म्हणाली, "मपली बी तारीख ठरलीया, मॅडम. बेस्तरवारी."

"कसली तारीख?"

"पिशवीची."

शर्वरीने वही मिटली.

"मला काईच तरास न्हाई," शिवकन्या सांगू लागली. "पन कामाला लागले तवा पाटानं इचारलं, पिशवी काढली का? मी खरं सांगितलं, न्हाई काढली. तर म्हनला, 'कृपया पिशवी काढा आणि पुन्हा पाटावर या.' फाटक उघडंना. दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी बी तेच. मंग केशरमावशी म्हनली, काढली म्हन, काय व्हतंय. तवापासून खोटं बोलते. पन त्यो हाडातलं ऐकतो. आज ना उद्या कळंलच की त्याला. आक्काचं असं झाल्यावर आता घरात माझंच काम ऱ्हायलं. म्हून म्हनलं, काढूनच टाकू."

'कृपया पिशवी काढा आणि पुन्हा पाटावर या.' हे वाक्यही शर्वरीचंच होतं. त्यातलं 'कृपया' तिने आग्रहाने घातलं होतं.

तिने खांद्यावरची आपली पिशवी काढली. कापडी, निळ्या काठाची, आत पाण्याची बाटली आणि वही. ती तिने शिवकन्याच्या मांडीवर ठेवली.

"ही पिशवी," ती म्हणाली. "शिवकन्या, पाट ही पिशवी विचारत होता. खांद्यावरची. डब्याची. फक्त ही."

शिवकन्या त्या पिशवीकडे बघत राहिली. मग अयोध्या हसायला लागली. हसताना तिचा खुबा दुखत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती हसत होती. हसणं कुठे थांबलं ते कळलं नाही, पण ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज पार बदललेला होता.

"दोन वरसं," ती म्हणाली. "दोन वरसं मी रोज सकाळी त्या फळीवर हुभं राहून मपल्या पोटातलं सांगितलं. चार बायांम्होरं सांगितलं. दवाखान्यात न्हाई सांगितलं कधी, सासूला न्हाई सांगितलं धड. त्याला सांगितलं. आन् तुमी तिकडं बसून माझ्या डब्याचं लिहून घेत व्हता?"

शर्वरी म्हणाली, "हो."

"मंग त्या मुकादमात आन् तुमच्यात काय फरक? त्यो तरी तोंडावर बोलला."

"शिवकन्या," शर्वरी म्हणाली, "तू गुरुवारी जाऊ नकोस."

शिवकन्याने पिशवी उचलून तिला परत दिली. "तुमी पुन्याला जाचाल, मॅडम. पाट हितंच ऱ्हानार. फाटक त्याच्याच हातात हाय."

"गुरुवारी सकाळी आधी पाटावर ये. तो काय म्हणतो ते ऐक. मग ठरव."

"दहा वाजता बोलावलंय दवाखान्यात," शिवकन्या म्हणाली. "सातला येते."

बुधवारी शर्वरी फाटकाजवळच्या चौकीत बसून पाटाने साठवलेले आवाज ऐकत होती. मंडळात ते कधीच कुणी ऐकले नव्हते. ऐकायची गरज काय, 'काढली' हा शब्द ओळखून पुढे जायचं एवढंच पाटाला शिकवलेलं. त्या शब्दाच्या मागचं-पुढचं सगळं पाट सोडून देई. तिने सोडून दिलेलं ऐकायला सुरुवात केली.

"काढली, सव्वीसाव्या वरशी." "काढली. दोन लेकरांवर काढली." "काढली बाबा, मुकादमानं सोडलं का?" "काढली, माझी बी काढली आन् मोठ्या लेकीची बी काढली." एक आवाज रोज फक्त 'काढली' म्हणे, पण त्याआधी दर वेळी जरासा थांबे. एकीने पहिल्या दिवशी उलट विचारलं होतं, "काढलीया. कामून इचारतोस? काई विलाज हाय का?" आणि पाट म्हणाला होता, "धन्यवाद."

कोळवाडीच्या फाटकावर पंचेचाळीसच्या आतल्या त्रेसष्ट बायका होत्या. त्यांतल्या एकोणचाळीस जणींनी पाटाला वर्ष सांगितलं होतं, नाहीतर कारण. असे पाट चारशे बारा फाटकांवर होते. शर्वरीने कानातले इअरफोन काढून ठेवले. तिला रडू आलं नाही, तिला संताप आला होता. पहिल्यांदा स्वतःचा, मग त्या डॉक्टरांचा, मग त्या सहा सह्यांचा. असा संताप तिला कितीतरी वर्षांत आला नव्हता, आणि तो ओसरू नये असं तिला वाटत होतं. तो ओसरायच्या आत तिने आडारकरांना फोन लावला.

आडारकरांनी सगळं, तिने फोनवर लावलेले दोन-तीन आवाजसुद्धा, शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच शांतपणे ऐकत.

"बोधनकर, चूक मोठी आहे, पण दुरुस्ती सोपी आहे," ते म्हणाले. "पिशवीऐवजी 'थैली' करा. वाक्यं बदलायचा अधिकार तुमच्याकडे आहेच. आज संध्याकाळपर्यंत सगळीकडे जाऊ द्या. ती मुलगीही वाचेल. विषय संपला."

"आणि गटप्रमाण?"

"ते वेगळं प्रकरण आहे."

"सर, वेगळं कसं? या बायकांची हाडं हलकी नाहीत, त्यांची पाळी विशी-पंचविशीत घालवलीय. आपण आजाऱ्यांची सरासरी काढून तिला निरोगी म्हटलंय. त्या प्रत्येकीला सुई मिळायला हवी होती, दोन वर्षांपूर्वी."

"कशावरून? पाटावर मारलेल्या गप्पांवरून? तो काही वैद्यकीय पुरावा नव्हे. आणि अहो, त्या हसतायत मागे. त्यांना गंमत वाटत होती, असंच दिसतं."

"त्या हसत होत्या, कारण दुसरं काय करणार होत्या?"

"हे बघा, 'थैली' करा. नवा प्रश्न घालायचा तर मंडळाची मंजुरी लागते. पुढच्या तिमाहीत ठेवू विषय. तोवर आवाजांच्या त्या फायली कुठे पाठवू नका, खासगी माहिती आहे ती."

दोन वर्षं कुणी कानाला लावली नाही ती माहिती आता एकदम खासगी झाली होती. शर्वरीने फोन ठेवला.

'थैली' हा शब्द लिहायला पाच अक्षरांची टिकटिकसुद्धा लागली नसती. शिवकन्या वाचली असती. आणि उद्यापासून पाट विचारणार: थैली काढली का? बायका म्हणणार: ठेवली खुंटीला. हसणं बंद, सांगणं बंद. दोन वर्षं जी एकच फट चुकून उघडी राहिली होती ती बुजवायची, आणि तिला दुरुस्ती म्हणायचं.

तिने 'पिशवी काढली का?' हे वाक्य खोडलं. खांद्यावरच्या सामानासाठी लिहिलं, 'हातातलं, खांद्यावरचं सामान खुंटीला लावलंत ना?' मग वयाची पंचेचाळीसची अट नव्या प्रश्नांना लावायची नाही, असं ठरवलं. आणि त्याखाली तीन नवे प्रश्न लिहिले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून बघितले, कोळवाडीच्या कानाने. एक शब्द बदलला, पुन्हा वाचले. 'काढली' असं उत्तर आलं की आकडा काहीही असो, दिवा लाल लागेल आणि नाव सुईच्या यादीत जाईल, असा नियम बांधला. तो बांधण्याचा अधिकार तिला नव्हता. पाठवायचं बटण मात्र तिच्याकडे होतं. चारशे बारा फाटकांवर ते गेलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. साडेचारपासून आडारकरांचे फोन यायला लागले. ते तिने घेतले नाहीत.

गुरुवारी सातला कोळवाडीच्या फाटकावर रांग लागली. शिवकन्या सगळ्यांत पुढे होती, धुतलेलं लुगडं नेसून, दवाखान्यात जायच्या तयारीनेच. अयोध्याने तिला बजावून पाठवलं होतं म्हणे, कान देऊन ऐक आणि मला येऊन सांग. शर्वरी फाटकाच्या कडेला उभी होती.

शिवकन्या पाटावर चढली.

"हातातलं, खांद्यावरचं सामान खुंटीला लावलंत ना?"

"लावलं."

"आता एक दुखरी गोष्ट विचारायची आहे. सांगायची नसेल तर गप्प राहा, फाटक उघडेलच. तुमची गर्भपिशवी काढली आहे का?"

शिवकन्याने एकदा शर्वरीकडे बघितलं, मग पायाखालच्या पाटाकडे.

"न्हाई," ती म्हणाली. आणि जरा थांबून, मोठ्याने, "न्हाई काढली. आन् काढनार बी न्हाई."

"नोंद झाली," पाट म्हणाला. "अस्थिअंक ब्याऐंशी. हाडं दणकट आहेत. जपा."

हिरवा दिवा लागला. शिवकन्या खाली उतरली, पण आत गेली नाही. खुंटीवरची आपली पिशवी काढून तिने ती छातीशी धरली आणि तिथेच उभी राहिली.

तिच्या मागे केशरबाई होती. ती चढली, पाठ जमेल तेवढी ताठ केली. पाटाने सामानाचं विचारलं, मग गर्भपिशवीचं विचारलं.

"काढली," केशरबाई म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

"किती वर्षांच्या होतात तेव्हा?"

"बावीस."

"काढायला कोणी सांगितलं? नाव सांगाल का?"

केशरबाईने माळावरून नजर फिरवली. एकवीस वर्षांपूर्वी ज्याने सांगितलं तो याच गावचा होता, आता मोठा माणूस झाला होता, आणि या माळाची बरीचशी जमीन त्याची होती. रांगेतल्या सगळ्या बायकांना ते नाव माहीत होतं. शर्वरीच्या खिशातला फोन पुन्हा थरथरायला लागला. पुण्याहून पाट बंद करायला त्यांना किती वेळ लागणार होता, हे तिला माहीत नव्हतं.

केशरबाई पाटावरून उतरली नाही. तिने मान वळवली आणि शर्वरीच्या डोळ्यांत बघून विचारलं, "नाव घेते मी. समद्यांम्होरं घेते. पन आधी तुमी सांगा मॅडम, लिहून घेनार हाव, का परत धन्यवादच म्हननार?"